उकडखान्याचं दार

आमच्या ह्यांना कुणीतरी एका हॉटेलात सॉनामध्ये, म्हणजे घाम गाळायच्या उकडखान्यात, नेऊन बसवलं आणि माझ्या डोक्याला ताप झाला. लालबुंद होऊन घरी आले, सोफ्यावर पसरले आणि म्हणाले, "अगं, अंगातलं सगळं विष निघून गेलं!"

"जिभेवरचं राहिलं वाटतं," मी म्हटलं. त्यांनी ऐकलंच नाही. सॉना त्यांच्या डोक्यात शिरला होता. घरात, स्वतःचा.

"अहो, सगळ्या शेगड्या पेटवा आणि स्वयंपाकघराचं दार लावून बसा. मी इतकी वर्षं बसतेय, माझं विष निघालं का?"

पण आमचं ऐकतो कोण! मी बहिणीकडे राहायला गेले आणि परत येते तर माझं शिलाई मशीन फ्रिजच्या मागे, भिंतीकडे तोंड करून उभं. कापडं पोत्यात कोंबलेली. माझी खोली रिकामी. खोली म्हणजे काय, मागची चिंचोळी अडगळीची जागा. पण तिला आतून कडी होती. झोपायच्या खोलीची कडी कधीच निखळली होती, आणि न्हाणीघरात माणूस बसून बसून किती बसणार? मी कडी लावून मशीनवर बसले की चष्मा कुठंय, टॉवेल कुठंय, हे घराला आपलं आपण शोधावं लागायचं. त्या दिवशी मला भयंकर रडू आलं. फ्रिज उघडा ठेवून, भाजी शोधतेय असं दाखवून मी रडले.

"मशीन काय, कुठंही बसतं," हे म्हणाले. "सॉनाला बंदिस्त जागा लागते."

"मलाही लागते."

"तुला कशाला?"

कपाळ माझं!

काम सुरू झालं. व्हिडिओ बघून बघून हे सॉनाचे पंडित झाले होते. सुतार मात्र मोजकं बोलणारा. काहीही सांगा, त्याचं एकच उत्तर, "सांगाल तसं." भिंतीला चंदेरी कागद लागला, त्यावर बिनगाठीच्या फळ्या, कारण गाठी तापल्या की त्यातून चीक गळतो म्हणे. स्क्रू लाकडात खोल बुडवले, नाहीतर तापलेलं लोखंड उघड्या बुडाला डागण्या देणार. वर-खाली दोन बाकं आली, कोपऱ्यात हीटर आला, हीटरवर पाणी मारून वाफ काढायचे दगड आले. दगडसुद्धा विकत आणले.

राहिलं दार. व्हिडिओतल्या बाईने बजावून सांगितलं होतं की सॉनाचं दार बाहेर उघडायला हवं. आत कुणाला घेरी आली तर नुसतं ढकललं की माणूस बाहेर. ह्यांनी ऑफिसातून घाईघाईत सुताराला फोन लावला, "दार बाहेरून उघडलं पाहिजे! लक्षात ठेव, बाहेरून!"

सुताराचा फोन स्पीकरवर होता. मी तिथंच उभी होते. बाहेर वेगळं आणि बाहेरून वेगळं, हे मला कळलं. पण मला विचारलं होतं का कुणी?

"सांगाल तसं," सुतार म्हणाला. त्याने आत ढकलायचं दार बसवलं, घट्ट. मूठ फक्त बाहेर. आतून नुसती गुळगुळीत फळी.

रविवारी उद्घाटन. कमरेला टॉवेल, हातात पाण्याची बादली आणि लाकडी पळी, असे हे मोहिमेवर निघाल्यासारखे आत शिरले. थोडा वेळ दगडांवर पाण्याचं चुर्र-चुर्र. मग धडाधड आवाज.

"अगं! आतून मूठ नाहीये!"

"दार बाहेरून उघडतं. तुम्हीच सांगितलंत ना?"

"बाहेर म्हणालो मी, बाहेर!"

"बाहेरून म्हणालात."

हीटरचं बटण बाहेरच्या भिंतीवर होतं, ते मी आधी बंद केलं. राग कितीही असला तरी नवरा शिजवायचा नव्हता मला. दाराला एक छोटी काच होती. तिच्यात ह्यांचं तोंड दिसत होतं, टोमॅटोसारखं.

"हीटर बंद केलाय. आता सांगा, माझं मशीन कुठं बसणार?"

"अगं, आधी दार उघड! गुदमरायला होतंय मला!"

"आणि मला त्या फ्रिजमागे काय होतं?" माझा आवाज चढला, थांबेना. "कशाला हवी होती मला कडीची खोली, विचारलंत ना? दार आपलं आपल्याला उघडता यावं म्हणून! कुणाच्या मर्जीवर बसायला लागू नये म्हणून!"

ह्यांनी काचेवरची वाफ आतून हाताने पुसली. मग हळूच आवाज आला, "घे तुझी खोली. चुकलंच माझं."

मी एका बोटाने दार ढकललं.

दुसऱ्या दिवशी सुतार आला. "आता कसं करू? आतून की बाहेरून?" ह्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात मी आत जाऊन दाराच्या फळीवर बोट ठेवलं. "इथं कडी."

"सांगाल तसं."

हीटर माळ्यावर गेला. वरच्या बाकावर कापडांचे गठ्ठे आहेत, खालचं काढून मशीन बसवलं. दगड मात्र मी ठेवून घेतले. बेतताना कापड सरकू नये म्हणून कडेला ठेवायला फार छान आहेत.

काल दारावर टकटक झाली. लग्न झाल्यापासून ह्या माणसाने घरातलं एकही दार वाजवलं नव्हतं.

"अगं, येऊ का आत?"

"थांबा, बाही जोडतेय."

"बरं," म्हणाले, आणि खरोखर उभे राहिले.

बाही केव्हाच जोडून झाली होती. मी आणखी थोडा वेळ नुसतंच पायडल मारत बसले.