सुकटीची ताटली

कोयनानगरात भूकंपाचा धक्का बसला की लोक आधी पळत नाहीत, आधी आकडा सांगतात. "तीनचा असंल," म्हणायचं आणि पुन्हा चहात बटर बुडवायचं. सृष्टीच्या घरात तर यावरून आजोबा आणि पप्पांची पैजच लागायची. नानासो आजोबा फौजेतले सुभेदार, पप्पा इथंच लहानाचे मोठे झालेले. माघार कोण घेणार?

पण मागच्या आठवड्यातला धक्का चांगलाच दमदार निघाला. सगळे परसात आले आणि नववीतली सृष्टी मात्र आत, पलंगाखाली! राणी मांजरीचं शेपूट हिच्या मुठीत, राणीची नखं हिच्या मनगटात. पप्पा तिला ओढून काढायला आत धावले आणि भिंतीवरचं घड्याळ त्यांच्या खांद्यावर आदळलं. घड्याळ वाचलं, खांदा सुजला.

"दोन खोल्यांचं घर, त्यात कुत्रा, मांजर, कोंबडी," पप्पा शेकत शेकत म्हणाले. "या जनावरांपायी एक दिवस तू जाशील. रविवारी मानसिंगमामा येतोय. तिन्ही त्याच्या जीपमधनं कुंडलला."

"पप्पा! माझ्याबिगर गुंडा घास खात न्हाई!"

"व्हय तर!" आई चुलीपुढून म्हणाली. "काल शेजारी दोनदा जेवून आला तुझा गुंडा."

सृष्टीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण नुकतंच तिनं शाळेत आपत्ती व्यवस्थापनावर भाषण ठोकलं होतं, टाळ्याही पडल्या होत्या, आणि तेव्हापासून गप्प बसणं तिला जमेनासंच झालं होतं. नाक ओढून ती म्हणाली, "रविवारी परीक्षा घ्या. दोन मिनिटांत तिन्ही जनावरं परसात, धुण्याच्या दगडापाशी. तिथं वर तार न्हाई, जवळ भिंत न्हाई. न्हाई जमलं तर मीच त्यांना जीपमध्ये बसवीन."

"मंजूर," पप्पा म्हणाले.

तालीम सुरू झाली. जुन्या दप्तरात टॉर्च, पाण्याची बाटली, दोरी, सुकटीचा डबा आणि राणीला कोंबायला उशीचा अभ्रा. आजोबांनी शिट्टी फुंकली मात्र, गुंडानं आभाळाकडं तोंड करून सूर लावला. राणी कपाटावर चढली. मिरची कोंबडी फडफडत दप्तरात शिरली आणि टॉर्चवर बसून राहिली. राणी खाली आली तेव्हा अभ्रा फाटला होता आणि दप्तरात अंडं होतं.

"अकरा मिनिटं," आजोबांनी जाहीर केलं. "एवढ्यात आमची आख्खी पलटण दाढी करून उभी ऱ्हायची."

"तुमच्या पलटणीत मांजर होतं का, आजोबा?"

तीन दिवस हेच. गुरुवारी सृष्टी रडकुंडीला येऊन दगडावर बसली. ताटलीत सुकट होती, हातातला चमचा निसटून ताटलीवर पडला. खणण्! कुठून कुठून तिन्ही जनावरं हजर! मिरची तर सगळ्यांच्या पुढं.

सृष्टी उडालीच. म्हणजे धरून आणायचंच नाही, बोलवायचं! मग काय, सकाळ-संध्याकाळ दगडापाशी ताटली वाजली आणि सुकट वाटली गेली. शनिवारी वेळ भरला चाळीस सेकंद. आता परीक्षा म्हणजे हातचा मळ.

रविवारी मामा आले. "आधी चहा, मग परीक्षा," पप्पा म्हणाले. कप भरले, आणि तेवढ्यात जमीन घुरघुरली.

मांडणीवरच्या ताटल्या एकमेकींवर थडथडल्या. खण खण खण खण!

"तीन!" पप्पा म्हणाले.

"साडेतीन! लाव पैज," आजोबा म्हणाले.

"आवं, बाहेर चला!" सृष्टी ओरडली. जमीन थांबली. ती पलंगाखाली वाकली. राणी नाही. कपाटावर नाही. दाराआडचं गुंडाचं पोतं रिकामं, मिरचीचं डालगं रिकामं. गेली! घाबरून कुठं रस्त्याला लागली असतील तर? पप्पांना तोंड कसं दाखवायचं? आणि राणीला शोधायचं कुठं? तशीच अनवाणी ती परसात धावली.

धुण्याच्या दगडापाशी गुंडा जीभ काढून बसला होता. शेजारी राणी मिशा पुसत होती. मिरची दगडावर चढून मान तिरकी करून बघत होती. सुकट कुठाय?

सृष्टी हसायलाच लागली. मांडणीनं ताटली वाजवली होती!

परसात आणखी एकजण होता. मानसिंगमामा. एका पायात चप्पल, दुसरी हातात. कुंडलच्या माणसाला असल्या धक्क्यांची सवय कुठली?

"दाजी!" मामा घराकडं तोंड करून ओरडले. "कोंबडी बाहेर आली, तुमी कवा येताय?"

दारात आधी आजोबा आले, मागून पप्पा, हातात कप तसाच. पप्पांनी दगडापाशी ओळीनं बसलेली तिन्ही जनावरं पाहिली, मग स्वतःच्या हातातला कप पाहिला.

"दाजी, मग जीपमध्ये कुणाला घालायचं?" मामांनी विचारलं. "मागं तर तुमीच राहिला."

"सुभेदारांना न्या," आई बाहेर येत म्हणाली. "जरा कमी बोलतील तिकडं."

पप्पा कप दगडावर ठेवून आत गेले, आणि बाहेर आले ते सुकटीचा डबा घेऊन.

"थांब, मी वाटतो," ते सृष्टीला म्हणाले आणि उकिडवे बसले. पहिली मूठ त्यांनी मिरचीपुढं टाकली. "हिचा पहिला नंबर न्हवं?"

"व्हय," सृष्टी म्हणाली. "आणि पप्पा, उद्यापासून तुमची तालीम. तुमाला काय वाजवू? कपबशी?"