तू कोणाकडून होता

माय एका अंगानं लुळी पडली तेव्हा धम्मरत्न पुण्याची नोकरी सोडून दिग्रसला परत आला. तिला बघायला दुसरं कोणी नव्हतं. इथं कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनिंगच्या ऑफिसात त्याला काट्यावरची वजनं कॉम्प्युटरवर चढवायचं काम मिळालं. पण ती वर्षं कापसाला वाईट होती. कधी पाऊस दगा देई, कधी भाव कोसळे. ऐन हंगामातही कितीतरी दुपारी फाटकातून गाडी आत येत नसे. आवारात सरकीचा वास भरलेला, आणि ऑफिसात पंख्याखाली धम्मरत्न एकटा.

अशा दुपारी तो आपला जुना नाद घेऊन बसे. पुण्यात एका खोलीत राहताना त्याला आणि राजदीपला तो लागला होता. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा एकच, पण ती चालवणारी इंजिनं वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळी बनवलेली. तोच प्रोग्राम, अक्षराचाही फरक नाही, एका इंजिनावर रेंगाळतो आणि दुसऱ्यावर सुसाट सुटतो. कोणतं कुठं जिंकतं यावरून दोघं ताटावर हात वाळेपर्यंत भांडत. राजदीप पुढं बंगलोरला गेला. धम्मरत्न इथून त्याला प्रत्येक निकाल मेल करत राहिला. उत्तरं आधी लांबलचक येत, मग दोन ओळींची, मग नुसतंच 'मस्त'. पुढं तेही थांबलं.

एकदा एक नवं इंजिन आलं. जो तो त्याच्या वेगाचं कौतुक करत होता. धम्मरत्ननं ते घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर लावून पाहिलं तर ते जुन्याच्याही मागं पडलं. त्याला राहवेना. त्यानं फोन लावला.

"राजदीप, नवं इंजिन पाह्यलं का? माह्याकडं तर जुन्यानंच त्याले हरवलं!"

"कोणतं इंजिन?"

"मेल पाठवला ना तुले."

पलीकडं कुणीतरी राजदीपला हाक मारत होतं. "धम्मा, खरं सांगू? ते मेल मी उघडतच नाही यार. केव्हाचं सोडलं ते सगळं. तू अजून तेच करून राह्यला काय?"

"टाइमपास, दुसरं काय," धम्मरत्न म्हणाला आणि हसला.

फोन ठेवल्यावर त्याला राग आला नाही, लाज वाटली. मागून कोणी येतंय समजून बोलत चालावं आणि वळून पाहिलं तर रस्ता रिकामा, तसं झालं.

बरेच दिवस त्यानं त्यातलं काही उघडलं नाही. काम संपलं की घरी यायचं, मायला भरवायचं, पडून राहायचं. मग एका दुपारी, कुणास ठाऊक काय वाटलं, त्यानं मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं लिहून नव्या इंजिनवाल्यांच्या गटाला पाठवलं आणि घाईघाईनं कॉम्प्युटर बंद केला.

उत्तर आलं. एका परदेशी बाईचं. कौतुक नाही, टोमणाही नाही. नवं इंजिन सुरुवातीला प्रोग्राम समजून घेण्यात वेळ घालवतं, तुमचा प्रोग्राम त्याआधीच संपतो, तो खूप लांबवून चालवा, असं तिनं लिहिलं होतं. इतकं जुनं मशीन आमच्यात कोणाकडं नाही, काय दिसतं ते कळवाल का?

म्हणजे तो चुकलाच होता. तरी तो घरी आला तो तोंडभर हसत. त्याच जुन्या कॉम्प्युटरवर त्यानं प्रोग्राम लांबवून दोन्ही इंजिनांवर लावला.

"कायले हसून राह्यला?" माय अडखळत म्हणाली.

"एका बाईनं विचारलं मले, माय. माह्या मशीनवर किती वेळ लागते म्हणून."

"मंग सांग न तिले."

"आधी चालू तर दे. शर्यत हाये दोघांची."

"तोवर इथं बस."

तो बाजेवर तिच्याजवळ बसला. पंख्याशिवाय कसला आवाज नव्हता. बऱ्याच वेळानं उठून त्यानं पाहिलं. नव्या इंजिनानं जुन्याला पार मागं टाकलं होतं. सवयीनं त्यानं राजदीपचा पत्ता टाइप केला, पुसला, आणि त्या बाईला जे दिसलं ते लिहून टाकलं.

"कोण जितलं?" मायनं विचारलं.

"नवं."

"अन् तू कोणाकडून होता?"

"जुन्याकडून."

माय अर्ध्या तोंडानं हसली आणि चांगल्या हातानं त्याचा हात शोधू लागली.