वाक

तिने दोर खाली ओढला. भिंतीतल्या खुंटीवर आडवं बसवलेलं धनुष्य दोन्ही बाजूंनी सारखं वाकलं. दोर जमिनीलगतच्या कप्पीतून तिच्या हातात येत होता, त्यामुळे चार पावलं लांब उभं राहून तिला सगळा वाक एका नजरेत दिसे.

"सोड," नवरा म्हणाला. "पुन्हा ओढ. तीसदा. लाकडाला सवय होऊ दे."

आठ महिन्यांपूर्वी त्याचं डावं अंग गेलं. उजवा हात-पाय हलत, जीभ मात्र पुरती शाबूत राहिली आणि त्या जिभेला दिवसभर दुसरं काम उरलं नाही. चाकांची खुर्ची कामाच्या बाकाला खेटून लावून तो बसे आणि बायकोच्या प्रत्येक हातावर बोले. सारं गाव त्याला उस्ताद म्हणे. ती तीस वर्षं त्याच्यामागे झाडत, दोऱ्या वळत आणि काचकागद घासत आली होती. आता दोन मुठींची सुरी तिच्या हाती आली होती.

चार वर्षं वाळलेलं लाकूड लोखंडासारखं टणक. तळहातांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. धनुष्याच्या पाठीवर लाकडाचं एकच वर्षवलय या टोकापासून त्या टोकापर्यंत न दुखावता राखायचं होतं. "भाजी चिरतेस का?" तो ओरडे. ती ओठ आवळून सुरी चालवी. तीन आठवड्यांनी त्या ओंडक्यातून धनुष्य बाहेर आलं.

मैदानावर धनुर्विद्या शिकवणारे सर काल बघायला आले. मुलींसाठी वर्षाची सगळी धनुष्यं ते इथूनच नेत. त्यांनी स्वतः दोर ओढून पाहिला, मग डोकं कलतं करून बराच वेळ पाहत राहिले.

"वहिनी, हात आहे तुम्हाला. उस्ताद, रागावू नका, पण असा गोल वाक तुमच्याही धनुष्याला नव्हता हो."

"माझ्याच हाताखाली शिकलीय," तो हसला.

"शनिवारी मुली घेऊन येतो. त्यांना पेललं, तर पुढची सगळी वहिनींनीच करायची. नाहीतर मला दुसरीकडे बघावं लागेल."

सर गेल्यावर तो जेवला नाही. भूक नाही म्हणाला.

तीसदा ओढून झालं. पूर्ण ओढीला अजून चार बोटं कमी पडत होती. तिने धनुष्य उतरवून बाकाच्या शिकंज्यात आवळलं आणि पेन्सिल घेतली. उजवं टोक अजून ताठ होतं. तिथं खरवडायची खूण करायला ती वाकली.

"तिथं नाही. डाव्या बाजूला, मुठीपासून वीतभर. खरवड."

तिने बोट फिरवलं. "इथं आधीच पातळ लागतंय हाताला."

"हाताला लागतंय? तीस वर्षं हे कोण करतंय? तू की मी?"

"तुम्ही."

"मग दहा हात मार. मोजून."

तिने दहा हात मारले. कांद्याच्या सालीसारखी सालपटं जमिनीवर पडली. तिने धनुष्य पुन्हा खुंटीवर चढवलं, दोर अडकवला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पाठीमागे खुर्चीचं चाक कुरकुरलं.

"आता पूर्ण ओढ. थांबू नकोस."

आवाज फार मोठा झाला नाही. डावी बाजू मुठीपासून नेमकी वीतभर अंतरावर मोडली आणि हातभर लांबीचा तुकडा तिच्या कानाजवळून उडून बाकाच्या कडेवर आपटला. तिच्या हातातला दोर सैल पडला.

"लागलं का गं?" त्याचा आवाज मऊ होता. आठ महिन्यांत इतका मऊ आवाज तिने ऐकला नव्हता. "जाऊ दे. माझीही पहिली सात मोडली होती. सरांना काय ते मी सांगतो. आधी चहा टाक. आणि आज काहीतरी चांगलंचुंगलं कर, भूक लागलीय."

तिने केरसुणी घेतली. बाकापाशी वाकली आणि तशीच राहिली. ती दहा हातांची ताजी सालपटं चाकाखाली चिरडून भुशात दबली होती. तिथून दोन रेघा थेट दारापर्यंत गेल्या होत्या, मध्ये उजव्या पायाने रेटल्याच्या खुणा.

"मागे का सरकलात?"

"ऊन येत होतं डोळ्यांवर," तो लगेच म्हणाला.

खुर्ची दारात भर उन्हात उभी होती.

तिने केरसुणी भिंतीला टेकवली. पदराने हात पुसले. ती खुर्चीमागे गेली आणि तिने ती अलगद उंबऱ्यावरून उतरवली, अंगणाच्या टोकाशी झाडाखाली नेली.

"इथं सावली आहे," ती म्हणाली. "बसा."

तिने दोन्ही चाकांच्या ब्रेकचे खटके लावले. उजवा त्याच्या हाताशी होता. डावा त्याला सोडवता येत नसे.

"अगं, चहा?"

ती आत आली आणि तिने कडी लावली. दुसरं धनुष्य शनिवारपर्यंत होणार नव्हतं. पुढच्या शनिवारपर्यंतही नाही. सर दुसरीकडे जाणार होते. तिने माळ्यावरून दुसरा ओंडका उतरवला, शिकंज्यात आवळला. बाहेरून तो काहीतरी सांगत होता, बहुधा सुरी कशी धरायची ते. तिने ती आपल्या हाताला बसेल तशी धरली.