तिन्ही पिशव्या एकात

“तिन्ही पिशव्या एकातच दळा,” साहेब दारातूनच म्हणाले. आत आले असते तर बूट धुळीने माखले असते.

मी मशीन थांबवलं. “एकात का? पिशव्या तीन, चिठ्ठ्या तीन.”

“सरासरी काढायची आहे, मावशी.”

एकोणीस वर्षं मी या प्रयोगशाळेत खाणीतला टाकाऊ दगड दळते आहे. शाळा दुसरीपर्यंत झाली, पण दगड मला वाचता येतो. दोन पिशव्यांत पांढरी चुनखडी होती. तिसरीत काळा दगड, आत पिवळी चमक. सोनं कसलं, गंधक ते. असा दगड उघड्यावर टाकला की पावसापाण्यात आंबतो, आणि ते पाणी विहिरीत उतरलं की बादलीचा तळसुद्धा खातं. म्हणून प्रत्येक पिशवी वेगळी दळायची, मध्ये रेती फिरवून मशीन साफ करायचं, हा इथला नियम. एकत्र दळलं की चुना आंबटपणा झाकतो, अहवालात सगळं निर्मळ दिसतं आणि खाणीला उघड्यावर ढीग टाकायची परवानगी मिळते. ढिगात मात्र काळा दगड चुन्याला विचारायला जात नाही.

“म्हणजे तीन लेकरांतलं एक तापानं फणफणलंय,” मी म्हटलं, “तर सरासरीनं घरात कुणी आजारीच नाही. असंच ना, साहेब?”

साहेब हसले. “तुमच्या चिरंजीवांना विचारा. अहवालावर सही त्यांची आहे.”

चिरंजीव म्हणजे माझा धाकटा, इथला केमिस्ट. मी तडक त्याच्या खोलीत गेले.

“आई, इथे नको.”

“मग कुठे? घरी तू बोलत नाहीस, इथे मी बोलायचं नाही.”

“वरून सांगितलंय. मी नाही केलं तर दुसरा करील.”

“करू दे. त्याची आई त्याला बघून घेईल.”

तो काचेच्या नळ्या उगाच सरळ करत बसला.

“ढीग पडणार त्याच्या खालीच तुझ्या ताईचं गाव आहे. तिथली एकच विहीर.”

“माहीत आहे मला.”

माहीत आहे म्हणे. अडाणी असता तर मी पोटात घातलं असतं.

“आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं, ती गोष्ट वेगळी,” मी म्हटलं. “मला दोन्ही डोळे आहेत. मी दळणार नाही.”

“नको दळूस. मी दळतो.”

मी व्हरांड्यात उभी राहिले. चुनखडी भुरभुरत जाते, काळा दगड खणखणतो. आधी भुरभुर झाली, मग लगेच खणखण. मध्ये रेती नाही, मशीन क्षणभर थांबलंसुद्धा नाही.

आत गेले तर हा धुळीच्या लोटात खोकत उभा. एवढी पुस्तकं वाचली, तोंड बांधायचं सुचलं नाही. मी माझ्या तोंडावरचं फडकं सोडलं. तो उंच, पण आपणहून खाली वाकला. मी दोन गाठी मारल्या, करकचून.

“चारच्या बसनं मी ताईकडे निघाले,” मी म्हटलं. “तिला आणि गावाला सांगायला.”

मशीनच्या आवाजात त्याला ऐकू आलं की नाही, देव जाणे. गाठी मारून झाल्या तरी तो मान वाकवूनच उभा होता.