लिहून राहिली

इंग्रजीत रागिणीची एकच चूक होती, आणि तीच तिचा अर्धा गुण खाऊन जायची. रोजची सवय सांगताना ‘आय राइट’ म्हणायचं, तर ती म्हणायची, ‘आय ॲम रायटिंग’.

अमरावतीत राजकमल चौकाजवळ, मोबाइलच्या दुकानावरच्या खोलीत किशोर सरांचा क्लास होता. बोलण्याच्या परीक्षेत सध्या लिहिण्याच्या सवयी विचारतात, असं सरांच्या कानावर आलं होतं. रोज लिहिता का, हातानं की कीबोर्डवर, काय लिहिता. आठवडाभर तेवढंच घोटणं चाललं होतं.

“मॅडम, आय ॲम रायटिंग म्हणजे आत्ता, या घडीले,” सर म्हणाले. “पेन कुठं आहे तुमच्या हातात? तुमी वऱ्हाडीतून उचलता. लिहून राहिली, करून राहिली, जाऊन राहिली. अन् गेलं तर कोणीच नाही अजून.”

सगळे हसले. रागिणीही हसली. अकरा वर्षं ती एका खासगी दवाखान्यात नर्स होती. इंग्लंडच्या रुग्णालयाचं नोकरीचं पत्र आलं होतं, बोलण्यात सात गुण हवे होते, आणि दोनदा साडेसहावर गाडी अडली होती. महिनाअखेर हे पत्र रद्द होणार होतं. नवऱ्याचं घर सोडून आठ वर्षं झाली होती. पातूरला भावाकडे गेली की जेवल्याबरोबर आपलं ताट आपणच घासून ठेवायची, कोणी काही म्हणायच्या आत. तिला एकदा तरी कुठं पाहुणी नसायचं होतं.

सरांनी तयार उत्तर दिलं होतं. मी रोज सकाळी शाईच्या पेनानं डायरी लिहिते. सगळ्या वर्गानं तेच पाठ केलं. औषधदुकानातला हसनैन म्हणाला, “सर, परीक्षा घेणारा म्हणीन, या गावात शाईच उरली नसन.”

रागिणीनं आयुष्यात डायरी लिहिली नव्हती. ती तळहातावर लिहायची. ताप, रक्तदाब, खाट नंबर सात, इंजेक्शन बारा वाजता. वॉर्डात सगळ्यांना वाटे ही दवाखान्याची सवय, पण ती कापसाच्या वावरातली होती. आई, माणिकबाई, वेचणी करता करता ओवी जुळवायची. वावरात कागद कुठला? शाळेतून आलेली रागिणी दप्तरातलं पेन काढून ती हातावर उतरवायची. आई मागं न पाहता विचारायची, “लिहून राहिली ना, माय?”

कापूस वेचता वेचता बोंड टोचे बोटाले
शाईचं गं गोंदन माह्या लेकीच्या हाताले

ही वहीत पोचली म्हणून राहिली. कितीक घामात गेल्या, कितीक हापशीवर हात धुताना.

परीक्षेला पंधरा दिवस असताना आईला लकवा मारला. अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला, उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. म्हणजे सगळं गेलं, पण एक राहिलं. पाणी हवं असलं तरी आई म्हणायची, “लिहून राहिली.” पाठ दुखली तरी, “लिहून राहिली.” डॉक्टरांनी सांगितलं की असं होतं, जन्मभर जिभेवर असलेलं एखादं वाक्य तेवढं मागं उरतं. भाऊ शुभम हताश होऊन म्हणायचा, “काय मांगून राहिली, मले समजतच नाही.” रागिणीला समजायचं. सूर वर गेला की पाणी. शेवट ओढला की कूस बदलायची. तिला ते ओवीसारखं ऐकू यायचं. अमरावती ते अकोला, अकोला ते अमरावती, बसच्या खिडकीशी ती पुटपुटत राहायची. आय राइट. आय राइट. आय राइट.

परीक्षा अमरावतीतल्या एका हॉटेलच्या खोलीत होती. अकोल्याहून पहाटेची बस धरून ती थेट तिथं गेली. समोरच्या बाईंनी विचारलं, रोज लिहिता का? रागिणीनं डायरी म्हटली, शाईचं पेन म्हटलं, चूक न करता. बाईंनी मान हलवली. आज सकाळपासून हे त्यांनी किती जणांकडून ऐकलं असेल कोण जाणे. मग त्यांनी विचारलं, आज सकाळी डायरीत काय लिहिलंत?

हे पाठ नव्हतं.

तिनं मांडीवरची मूठ उघडली. तीन वाजता पाणी, चार चमचे. डाव्या कुशीवर. तिनं तोच हात बाईंपुढं धरला आणि बोलत सुटली. डायरी नाही, ती हातावर लिहिते. आई गाते, ती लिहिते. आणि सगळं ‘आय ॲम रायटिंग’, ‘माय मदर इज सिंगिंग’. तिच्याच कानाला चूक टोचत होती. दुरुस्तीही येत होती, सरांनी शंभरदा घोटून घेतलेली. आता बंद पडलेली सवय असली तर ‘यूज्ड टू’. माय मदर यूज्ड टू सिंग. दोनच शब्द होते. ते ओठांपर्यंत आले आणि तिनं तोंड मिटलं. बाई थांबल्या, घड्याळाकडं पाहिलं, पुन्हा तिच्याकडं पाहिलं. रागिणी म्हणाली, “येस. शी इज सिंगिंग.”

पाचव्या दिवशी दुपारी, अकोल्याच्या दवाखान्यात खाटेशी बसून तिनं मोबाइलवर निकाल पाहिला. साडेसहा. सवयीनं तिनं पेन काढलं आणि आकडा हातावर लिहिला. इंजेक्शनच्या वेळेखाली. मग मूठ मिटली.

आईनं डाव्या हातानं ती मूठ धरली. एकेक बोट सोडवलं. अक्षर तिला कधीच वाचता येत नव्हतं, पण तिनं शाईवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

“लिहून राहिली,” ती म्हणाली.

रागिणीनं उठून पाण्याचा चमचा ओठांशी नेला. आईनं मान फिरवली. कूस बदलून पाहिली, उशी सारखी केली. आई तिच्याकडं बघतच होती. ते तिनं पुन्हा म्हटलं, आणि या वेळी सूर वरही गेला नाही, ओढलाही गेला नाही.

“काय पायजे, माय?” रागिणीनं विचारलं. “मले समजून नाही राहिलं.”