साच्याचं तोंड

मेहुण्याचं शिंप्याचं दुकान बसलं, तसा बायकोने धोशाच लावला, त्याला तुमच्या कारखान्यात चिकटवा. खडूदादांनी साहेबांच्या हातापाया पडून त्याला कच्च्या बोलीवर लावलं. आता या आठवड्यात तो पक्का व्हायचा होता. बायको घरी त्या बातमीची वाट बघत होती.

खडूदादा हे त्यांचं कारखान्यातलं नाव. ओतून निघालेल्या पोलादाच्या लांबलचक लाद्या गार झाल्या की त्यांवरच्या भेगा शोधायच्या आणि खडूने खूण करायची. बैल गेला नि झोपा केला, अशातलं काम. भेग पडते वर साच्यात, रसावर घट्ट साल धरता धरताच. दिसते ती खाली, सगळं गार झाल्यावर.

मेहुणा वर साच्यापाशी. तांब्याच्या साच्यात उतरणाऱ्या पोलादाच्या रसावर पावडर पसरायची. ती वितळून कडेने झिरपते, म्हणून रसाची कोवळी साल साच्याला चिकटत नाही. पूर्वी वर्षानुवर्षं तेच काम केलेल्या दादांनी त्याला सगळं एका वाक्यात शिकवलं होतं: "साच्याचं तोंड काळं ठेवायचं, लाल दिसता कामा नये." पावडर थोडी थोडी, सारखी टाकायची, हे सांगायचं राहिलं. जन्मभर जे हाताला ठाऊक, ते सांगावं लागतं हे कोणाच्या डोक्यात येतं?

त्या दिवशी लादीवर मधोमध भेग दिसली, उसवलेल्या शिवणीसारखी. पुढच्या लादीवरही तीच. खूण करावी तर हात दाखवून अवलक्षण, न करावी तर ही लादी उद्या कुठल्या पुलात जायची कोण जाणे. दादांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांनी खूण केली. मग वर कळवलं. पण मशीनमध्ये जेवढं होतं तेवढं फाटलेलंच खाली येणार होतं, ते कोणालाच थांबवता येणार नव्हतं.

धापा टाकत ते वर पोचले. लाल ठिपका दिसला की मेहुणा फावडंभर पावडर ओतत होता. ढीग एकीकडे वितळत नव्हता, दुसरीकडे कडेने काही झिरपतच नव्हतं, आणि साल कुठे जाड, कुठे पातळ धरत होती.

"बघा दाजी," तो खुशीत म्हणाला, "लाल औषधालासुद्धा नाही."

तेवढ्यात साहेब जिना चढून आले. याला कोणी शिकवलं, असं त्यांनी विचारलं. दादांनी मान खाली घालून आपलं नाव सांगितलं. साहेबांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. जुना माणूस त्यांना घालवायचा नव्हता. ते मेहुण्याकडे वळून ओरडले, "चल, तोंड काळं कर इथून!"

मशीनच्या घरघरीत मेहुण्याला अर्धंच ऐकू गेलं. "हो साहेब," म्हणत त्याने लगबगीने फावडं भरलं.

दादांनी त्याचा हात धरला. काय सांगायचं ते या खेपेलाही त्यांच्या तोंडून निघेना.