पत्ता अपूर्ण

गणिताच्या बाईंनी तिसरीच्या मुलांना देवाबद्दल लिहायला सांगितलं आणि वह्या गोळा करून दहापैकी गुण दिले. आता बोला!

बिचाऱ्यांचा दोष तरी काय म्हणा. शाळेत मुलं कमी झाली, गणिताची एक जागा गेली, आणि मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून सांगितलं, "प्राथमिकला धर्म आणि तत्त्वज्ञान हा नवा विषय येतोय. सहा आठवड्यांचं प्रशिक्षण करा, शेवटचा पाठ पास व्हा, इथेच राहाल. नाहीतर बदली." बदली म्हणजे रोज घरी येणं जमणार नाही इतकी लांब. बाईंचा नवरा जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यात. घरी सासूबाई एकट्या. सासऱ्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं, तरी त्या रोज पेपरातली खेळांची पानं वेगळी काढून त्यांच्या खुर्चीवर ठेवायच्या. त्यांना असं सोडून जायचं?

तर प्रशिक्षण सुरू झालं. शिकवायला एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. चाळिशी-पन्नाशीचे शिक्षक छोट्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसायचे आणि मोठ्या बाई बजावायच्या, "कोण काय मानतं ते सांगा. आपलं मत पोरांच्या गळ्यात मारू नका. आणि माहीत नसेल तर सरळ 'माहीत नाही' म्हणा."

पहिल्या दोन गोष्टी बाईंनी घोकून टाकल्या. तिसरी मात्र घशाखाली उतरेना. बावीस वर्षांत वर्गात त्यांनी एकदाही 'माहीत नाही' म्हटलं नव्हतं. गणितात तशी वेळच येत नाही हो!

मग सरावाचा पाठ आला आणि वह्यांचा तो घोळ झाला. प्रश्न होता, 'देव कुठे राहतो असं तुला वाटतं?' एकाने लिहिलं, 'आकाशात.' सहा गुण. एकीने लिहिलं, 'सगळीकडे.' त्यावर लाल शाईत शेरा: 'पत्ता अपूर्ण.' एकाने लिहिलं, 'देव नाहीच.' हे बरोबर की चूक ते ठरेना, म्हणून पाच. आणि 'आमच्या वरच्या मजल्यावर, कारण आई वर बघूनच त्याच्याशी भांडते,' असं लिहिणाऱ्याला दहापैकी दहा, कारण दिल्याबद्दल!

मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, देवाला तरी सोडा! शेवटच्या पाठाला हेच केलंत, तर मी पास करणार नाही. आधीच सांगून ठेवते."

घरी सासूबाईंनी पदर खोचला. "मी होते विद्यार्थी. शिकव मला." दप्तर म्हणून मांडीवर पिशवी घेऊन त्या खुर्चीत ताठ बसल्या आणि लगेच हात वर केला. "बाई, शूला जाऊ?"

"आई, नीट करा ना!"

"बरं बरं." सासूबाईंनी मांडीवरची पिशवी सरळ केली. "बाई, मेल्यावर माणसं परत भेटतात का?"

बाई सुरू झाल्या. काही लोक मानतात की पुन्हा जन्म मिळतो. काही मानतात की वर सगळे भेटतात. काहींच्या मते तिथेच सगळं संपतं. एकही चूक नाही, एकही अडखळणं नाही.

"अगं, गाड्यांचं वेळापत्रक काय वाचतेस? तुला काय वाटतं?"

"ते सांगायचं नसतं, आई."

"हं," म्हणून सासूबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. मग पुन्हा काही त्या विद्यार्थी झाल्या नाहीत. बाईंना फार वाईट वाटलं, पण आपलं चुकलं कुठे ते काही कळेना.

शेवटच्या पाठाच्या दिवशी मोठ्या बाई मागच्या बाकावर कागद घेऊन बसल्या. वर्ग तोच, तिसरीचा. टेबलावर मुलांच्या प्रश्नांची पेटी. पहिल्या दोन चिठ्ठ्या झकास गेल्या. तिसऱ्या चिठ्ठीत लिहिलं होतं, 'आमची मांजर गाडीखाली गेली. तिला मी आठवत असेन का?'

कोणी लिहिलंय ते विचारायची गरजच नव्हती. दुसऱ्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी तेवढी पेटीकडे न बघता बाकाकडे बघत होती.

काही लोक मानतात की... बाईंच्या जिभेवर सगळं तयार होतं. आणि सासूबाईंची ती खाली ठेवलेली पिशवी डोळ्यांसमोर आली. बाईंनी हातातलं लाल पेन टेबलावर ठेवलं.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

मुलीने मान वर केली. "खरंच माहीत नाही?"

"खरंच गं. हा प्रश्न माणसं फार जुन्या काळापासून विचारतायत. वेगवेगळी उत्तरं देतात, ती आपण बघूच. पण आधी सांग, तुला तिचं काय आठवतं?"

"ती माझ्या दप्तरात झोपायची."

झालं, वर्गाला तोंड फुटलं! कुणाचे आजोबा, कुणाचा पोपट. आमच्या घरी असं मानतात, आमच्या घरी तसं. एकाने विचारलं, आठवण गेलेल्याकडे राहते की आपल्याकडे? घंटा झाली तरी कुणी उठेना.

मोठ्या बाईंनी कागद हातात दिला. वर 'पास', आणि खाली एक ओळ: 'माहीत नाही म्हणायला बावीस वर्षं लावलीत, त्याचा अर्धा गुण कापला आहे.'

बाई जवळजवळ पळतच घरी आल्या. "आई, पास झाले! कुठे जात नाही मी!"

"हुश्श!" सासूबाई मटकन खुर्चीत बसल्या. दीड महिना चेहऱ्यावर काही दिसू दिलं नव्हतं त्यांनी.

बाई त्यांच्याजवळ टेकल्या. "त्या दिवशी तुमचं उत्तर राहिलं. मला माहीत नाही, आई. पण बाबा तुम्हाला भेटावेत असं मला फार फार वाटतं." मग म्हणाल्या, "भेटले तर पहिलं काय बोलाल?"

सासूबाईंनी विचार केला. "मी कशाला बोलतेय? तेच विचारतील, मॅच कोण जिंकलं. आणि मला कुठे काय कळतंय त्यातलं!" त्या हसल्या आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या. मग उठल्या, समोरच्या खुर्चीवरची पानं उचलली आणि सुनेच्या हातात दिली.

"तू वाच. मी लक्षात ठेवते."

बाईंना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.